विशेष ऑप्टिकल फायबरने पीळ मोजण्याची सुरुवात कशी करावी

खानदेशात पिळाशी ज्याचा संबंध येत नाही असे यंत्र सापडणे कठीण आहे. जिनिंगमधला रोलर फिरवणारा शाफ्ट, ट्रॅक्टरमागचा पीटीओ (अवजाराला फिरवशक्ती देणारा दांडा), बोअरमध्ये साठ-सत्तर मीटर खाली लोंबकळणारा सबमर्सिबल पंपाचा पाइप, साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या परिसरातल्या पवनचक्क्यांची पाती, या सगळ्यांवर काम करताना पीळ पडतो आणि तो मोजला नसेल तर बहुधा काहीतरी तुटल्यावरच कळतो. पीळ मोजण्याचा रुळलेला मार्ग म्हणजे धातूच्या पृष्ठभागावर चिकटवलेला विद्युत स्ट्रेन गेज (ताणाबरोबर विद्युतरोध बदलणारी पातळ पट्टी), आणि तो वाईट नाही. परंतु मोठ्या मोटारीजवळ, लांब तारांच्या टोकाला किंवा ओल्या जागी तो त्रास देतो. काचेच्या फायबरमधून वीज वाहत नाही, मोटारीच्या चुंबकीय क्षेत्राचा त्याच्या वाचनात गोंधळ होत नाही आणि एकाच धाग्यावर अनेक ठिकाणची वाचने घेता येतात. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या महाविद्यालयांत प्रकल्प करणाऱ्या विद्यार्थ्यांना आणि कारखान्यांतील देखभाल विभागांना या कामाची सुरुवात करता यावी, यासाठी हा लेख लिहिला आहे.

एक गोष्ट आरंभीच ध्यानात घ्यावी. फायबरला पीळ कळतो, यात अडचण नाही. अडचण ही आहे की त्याला उष्णता, ताण आणि वाक हेही तितक्याच सहजपणे कळतात, आणि वाचन पाहून त्यातले काय कशामुळे झाले हे सांगता येत नाही. पुढची प्रत्येक पायरी या चौघांना वेगळे करण्यासाठीच आहे.

पहिली पायरी: काय मोजायचे ते आकड्यात मांडावे

«पीळ» या एका शब्दात तीन वेगळ्या राशी दडलेल्या असतात. एक म्हणजे दोन टोकांमधला एकूण फिरलेला कोन, दुसरी म्हणजे दर मीटरमागे पडलेला पीळ, जो रेडियन प्रति मीटरमध्ये सांगतात, आणि तिसरी म्हणजे तो पीळ पाडणारे बलाघूर्ण, म्हणजे टॉर्क. कोणते फायबर घ्यायचे हे या तिघांपैकी आपल्याला काय हवे आहे यावर ठरते, म्हणून खरेदीआधी वहीत गणित करावे.

४० मिलिमीटर व्यासाचा पोलादी शाफ्ट घ्या आणि त्यावर २०० न्यूटन-मीटर टॉर्क आहे असे समजा. अशा शाफ्टच्या पृष्ठभागावर सुमारे १६ मेगापास्कल कर्तन प्रतिबल येते. पोलादाचा दृढता गुणांक ७९ गिगापास्कल धरला तर कर्तन विकृती सुमारे २०० मायक्रोस्ट्रेन (एक मायक्रोस्ट्रेन म्हणजे दहा लाखांत एक भाग) होते. दर मीटरला पीळ किती पडला? केवळ ०.०१ रेडियन, म्हणजे ०.५८ अंश. शाफ्टच्या अक्षाला समांतर फायबर चिकटवले तर त्यालाही इतकाच पीळ मिळणार, आणि पिळाला प्रतिसाद देणारे बहुतेक फायबर एवढ्याशा पिळाने जागचे हलत नाहीत. याउलट प्रयोगशाळेतील टेबलावर २० सेंटिमीटर मोकळ्या फायबरला एक पूर्ण फेरा दिला, तर पीळ ३१.४ रेडियन प्रति मीटर होतो. दोन्हींत तीन हजार पटींचा फरक आहे. टेबलावर सुंदर चाललेला संवेदक शाफ्टवर गप्प का बसतो, याचे उत्तर बहुतेक वेळा या एका ओळीच्या गणितात असते, आणि ते आधीच न केल्यामुळे वर्षभराचा प्रकल्प वाया जाताना मी पाहिला आहे.

यावरून ढोबळ निवड अशी होते. कडक शाफ्टसाठी पृष्ठभागावरची विकृती मोजावी. केबल, दोर, लवचिक नळी किंवा यंत्रमानवाचा वाकणारा हात अशा मऊ वस्तूंसाठी स्वतः फायबरलाच पिळू द्यावे. पंपाचा लांब पाइप किंवा पवनचक्कीचे पाते यांत दर मीटरचा पीळ लहान असला तरी टोकाशी साठलेला कोन मोठा असतो, तेव्हा तेथे एकूण कोनाकडे लक्ष द्यावे.

दुसरी पायरी: फायबर निवडावे

दूरसंचाराचे साधे सिंगल मोड फायबर १२५ मायक्रॉन जाडीचे असते, त्यातला प्रकाश वाहणारा गाभा आठ-नऊ मायक्रॉनचा, आणि वरचा लेप धरून जाडी २५० मायक्रॉन होते. याला पीळ दिला तर आतल्या प्रकाशाच्या ध्रुवीकरणाची दिशा फिरते, पण दिलेल्या पिळाच्या दहाव्या भागाहूनही कमी. शिवाय फायबर थोडे वाकले तरी ध्रुवीकरण आपोआप बदलते. म्हणूनच खास बनावटीचे फायबर लागतात.

त्यांचे तत्त्व समजायला सूतगिरणीत जावे. न पिळलेल्या तंतूंचा पेळू उजवीकडे पिळा किंवा डावीकडे, तो दोन्ही वेळा सारखाच आखडतो, त्यामुळे नुसते आखडणे मोजून दिशा सांगता येत नाही. पण आधीच एका दिशेचा पीळ असलेले सूत घ्या. त्याच दिशेने पिळले तर ते घट्ट होते, उलट पिळले तर उकलते. गिरणीतले कामगार ज्याला एस पीळ आणि झेड पीळ म्हणतात, तोच भेद फायबरमध्ये घालावा लागतो. फायबरच्या रचनेत आधीपासून काही असममिती किंवा मळसूत्र असेल, तरच त्याला पिळाची दिशा कळते आणि लहान पिळालाही ते सरळ प्रमाणात प्रतिसाद देते.

सात गाभ्यांचे, ओढतानाच पीळ घातलेले मल्टिकोर फायबर हे याचे सर्वांत शुद्ध उदाहरण. मधला गाभा सरळ आणि बाजूचे सहा त्याच्याभोवती मळसूत्रासारखे फिरणारे. अशा फायबरने आकार, वाक आणि पीळ हे तिन्ही एकत्र काढता येतात. तरीही नवख्याने येथून सुरुवात करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. बाजूचा गाभा मध्यापासून ३५ मायक्रॉनवर आणि मळसूत्राचे दर मीटरला ५० फेरे धरले, तर एक रेडियन प्रति मीटर पिळाने त्या गाभ्यावर केवळ ०.४ मायक्रोस्ट्रेनच्या आसपास विकृती येते. ती वाचायला लागणारे उपकरण बहुतेक महाविद्यालयांच्या आवाक्याबाहेर आहे.

दुसरा प्रकार ध्रुवीकरण टिकवणारे फायबर, ज्यातला पांडा हा नमुना बाजारात सहज मिळतो. गाभ्याच्या दोन बाजूंना बोरॉन मिसळलेल्या काचेच्या दोन दांड्या असतात, त्यांच्या ताणामुळे उभ्या आणि आडव्या ध्रुवीकरणाचा वेग वेगळा होतो. त्याचा तुकडा सान्याक वलयात, म्हणजे प्रकाश दोन्ही दिशांनी फिरून परत एकत्र येईल अशा वलयात, जोडला की वर्णपटात चढ-उतारांच्या पट्ट्या दिसतात आणि पिळाने त्या सरकतात किंवा फिक्या पडतात. पट्ट्यांमधले अंतर काढण्यासाठी तरंगलांबीच्या वर्गाला द्विअपवर्तन (दोन ध्रुवीकरणांच्या अपवर्तनांकांतला फरक) आणि लांबी यांच्या गुणाकाराने भागावे. १५५० नॅनोमीटर, ०.०००४ द्विअपवर्तन आणि अर्धा मीटर लांबी यांसाठी ते १२ नॅनोमीटर येते. दोष हा की तापमान एका अंशाने बदलले तरी पट्ट्या एखाद्या नॅनोमीटरने सरकतात. यावर फोटॉनिक क्रिस्टल फायबर हा उत्तम पर्याय आहे, कारण ते एकाच शुद्ध सिलिकाचे असून त्यात हवेची बारीक छिद्रे असतात. वेगळ्या काचेच्या दांड्या नसल्याने उष्णतेचा परिणाम बराच कमी होतो. मात्र ते महाग असते आणि जोडताना कौशल्य मागते.

पहिल्या प्रयोगासाठी माझी शिफारस लाँग पीरियड ग्रेटिंगची आहे. फायबरमध्ये दर काही शे मायक्रॉनवर लहान बदल कोरलेले असतात, त्यामुळे ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश गाभ्यातून भोवतीच्या काचेच्या आवरणात निघून जातो आणि वर्णपटात त्या ठिकाणी खाच पडते. १९९६ मध्ये बेल प्रयोगशाळेतील आशिष वेंगसरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गाळणी म्हणून या रचनेवर प्रसिद्ध केलेला शोधनिबंध आजही या विषयातला पायाचा दगड मानला जातो. आपल्या कामासाठी मागवताना कार्बन डायऑक्साइड लेझरने एका बाजूने कोरलेले ग्रेटिंग मागावे. एकाच बाजूने कोरल्यामुळे आडव्या छेदात असममिती येते, आणि एका दिशेच्या पिळाने खाच लांब तरंगलांबीकडे तर उलट दिशेच्या पिळाने आखूड तरंगलांबीकडे सरकते. संवेदनशीलता साधारणतः ०.०५ नॅनोमीटर दर रेडियन प्रति मीटरच्या घरात असते.

तिसरी पायरी: साहित्य आणि फायबरची तयारी

१५५० नॅनोमीटरच्या आसपास पसरट प्रकाश देणारा स्रोत, वर्णपट मोजणारा ऑप्टिकल स्पेक्ट्रम अ‍ॅनलायझर, दोन फायबर क्लॅम्प, अंशांच्या खुणा असलेला आणि मधोमध आरपार छिद्र असलेला फिरता मंच, एक लहान कप्पी, दहा ग्रॅमचे वजन, लेप सोलणारा स्ट्रिपर, फायबर सरळ कापणारा क्लीव्हर आणि ठिणगीने दोन टोके वितळवून जोडणारा स्प्लायसर एवढे हवे. स्प्लायसर नसेल तर गावात केबल जोडणी करणाऱ्या मंडळींकडून दोन जोड करून घ्यावेत. साध्या फायबरचे जोड ते उत्कृष्ट करतात. पांडा फायबरसाठी मात्र अक्ष जुळवणारे वेगळे यंत्र लागते.

लेप काढल्यावर फायबर आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओल्या केलेल्या, धागे न सुटणाऱ्या कागदाने एकाच दिशेने पुसावे आणि मगच कापावे. फोटॉनिक क्रिस्टल फायबर असेल तर कापल्यानंतर टोक अल्कोहोलला लावू नये, कारण छिद्रे केशनळीप्रमाणे द्रव आत ओढतात आणि तो सहजी बाहेर येत नाही. त्याचा जोड करताना ठिणगीची तीव्रता आणि वेळ दोन्ही कमी ठेवावेत, नाहीतर छिद्रे मिटतात. ग्रेटिंगच्या उघड्या भागाला बोट लावू नये. त्या भागातला प्रकाश आवरणाच्या कडेपर्यंत येतो, म्हणून बोटाच्या तेलाचा पातळ थरही खाच हलवतो. काचेचे तुकडे चिकटपट्टीवर गोळा करून बंद डबीत टाकावेत, आणि अवरक्त प्रकाश डोळ्यांना दिसत नाही म्हणून चालू स्रोताच्या टोकात कधीही पाहू नये.

चौथी पायरी: मांडणी

सर्वाधिक वेळ येथे द्यावा. फायबरचे एक टोक पक्क्या क्लॅम्पमध्ये धरावे, दुसरे फिरत्या मंचावरच्या क्लॅम्पमध्ये, मध्ये २० सेंटिमीटर अंतर, आणि ग्रेटिंग बरोबर मधोमध. प्रत्यक्ष क्रम असा ठेवावा की आधी फिरता क्लॅम्प आवळावा, मग फायबर पक्क्या क्लॅम्पमधून मोकळे नेऊन कप्पीवर टाकावे, टोकाला दहा ग्रॅमचे वजन टांगावे, फायबर डोलायचे थांबेपर्यंत वाट पाहावी आणि मगच पक्का क्लॅम्प आवळावा. दहा ग्रॅमने फायबरवर सुमारे ११० मायक्रोस्ट्रेन ताण येतो. तो प्रत्येक वेळी सारखा असला म्हणजे तुलना करता येते. हाताने ओढून आवळलेल्या फायबरवर तो दर वेळी वेगळा असतो.

फिरत्या मंचाचे केंद्र आणि फायबरची रेषा एकाच अक्षावर आहेत का, हे डोळ्यांनी तपासता येते. मंच सावकाश पूर्ण फिरवताना फायबर दोरीवरच्या उड्यांसारखे वर्तुळ काढत असेल, तर अक्ष जुळलेला नाही, आणि प्रत्येक फेऱ्यात पिळाबरोबर वाकही मोजला जाईल. फायबरमागे काळा कागद धरला की हे वर्तुळ स्पष्ट दिसते.

दुसरी तपासणी त्याहून महत्त्वाची आहे. चिकटपट्टीचा तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा दुमडून पक्क्या क्लॅम्पच्या अगदी लगत, लेप असलेल्या भागावर झेंड्यासारखा लावावा, आणि तसाच दुसरा फिरत्या क्लॅम्पच्या लगत. मंच ९० अंश फिरवला की फिरत्या बाजूचा झेंडा ९० अंश फिरलाच पाहिजे आणि पक्क्या बाजूचा जागेवर राहिला पाहिजे. बहुतेकांच्या पहिल्या मांडणीत तसे होत नाही. लेप मऊ असल्याने काच आतल्या आत घसरते किंवा क्लॅम्पच्या रबरात फायबर लोळते, आणि मंचावर ९० दिसत असताना प्रत्यक्षात ६०-७० अंशच पोहोचतात. मी स्वतः पहिल्या महिन्यातली सगळी वाचने या कारणाने टाकून दिली होती. क्लॅम्पमध्ये येणाऱ्या भागावर इपॉक्सीचा थेंब टाकून फायबर लहान धातूच्या नळीत बसवले आणि ती नळी आवळली, तर घसरणे थांबते.

आता शून्य ठरवावे. रिळावरून आलेल्या फायबरमध्ये आधीचा पीळ उरलेला असतो. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही ही म्हण येथे शब्दशः खरी आहे. म्हणून मंचावरचा शून्य अंश हा फायबरचा शून्य नव्हे. वजन लटकवून फायबर मोकळे असताना ते स्वतः जितके उलगडेल तितके उलगडू द्यावे, झेंडे स्थिर झाले की आवळावे आणि ती स्थिती शून्य मानावी.

पाचवी पायरी: वाचने

स्रोत आणि अ‍ॅनलायझर तासभर आधी चालू करून ठेवावेत. वीज जाण्याची शक्यता असेल तर दोन्ही यूपीएसवर असावेत, कारण मध्येच बंद पडलेला स्रोत पुन्हा स्थिर व्हायला तेवढाच वेळ घेतो. शून्यापासून ३० अंशांच्या टप्प्यांनी ३६० पर्यंत जावे, तसेच परत यावे, मग उलट दिशेने ३६० पर्यंत जाऊन परत यावे. प्रत्येक टप्प्यावर अर्धा मिनिट थांबून खाचेची तरंगलांबी नोंदवावी. एका दिशेच्या पूर्ण फेऱ्यात ती साधारण दीड नॅनोमीटर सरकेल, जे ०.०५ नॅनोमीटर विभेदन असलेल्या अ‍ॅनलायझरवर सहज दिसते. जातानाची आणि येतानाची वाचने एकमेकांवर बसली नाहीत तर दोष फायबरचा नसून क्लॅम्पचा समजावा आणि झेंडे पुन्हा पाहावेत.

२० सेंटिमीटरला एका फेऱ्याच्या पुढे सुरुवातीला जाऊ नये. त्या वेळी काचेच्या पृष्ठभागावर ०.२ टक्के कर्तन विकृती असते. साधे फायबर याहून बरेच सोसते, पण लेझरने कोरलेला भाग तितका भक्कम नसतो.

सहावी पायरी: उष्णता वेगळी करावी

मे महिन्यातील एका दुपारी आमच्या प्रयोगशाळेत वाचने अतिशय सुरळीत चालली होती. खोलीत बसवेना म्हणून कोणीतरी कूलर लावला आणि दहा मिनिटांत खाच ०.४ नॅनोमीटर सरकली. फायबरला कोणी हातही लावला नव्हता. तेवढे सरकणे पिळाच्या भाषेत आठ रेडियन प्रति मीटर होते. लाँग पीरियड ग्रेटिंगची खाच दर अंश सेल्सियसला साधारण ०.०५ ते ०.१ नॅनोमीटर सरकते, म्हणजे खोलीतला पाच-सहा अंशांचा उतार पुरेसा ठरला. जिथे पारा ४५ अंशांपर्यंत जातो आणि कूलरशिवाय काम होत नाही, तिथे हा तपशील दुय्यम मानून चालत नाही.

उपाय तीन आहेत आणि तिन्ही करावेत. मांडणीवर थर्माकोलची किंवा अ‍ॅक्रिलिकची पेटी झाकावी, म्हणजे वाऱ्याची झुळूक लागत नाही. ग्रेटिंगपासून एक-दोन सेंटिमीटरवर तापमापक ठेवून प्रत्येक वाचनाबरोबर त्याचा आकडा लिहावा. तिसरे म्हणजे, पीळ न देता फक्त तापमान बदलून वेगळा आलेख काढावा आणि प्रत्येक वाचनातून तेवढा भाग वजा करावा. त्याच फायबरवर पिळाच्या भागाबाहेर एक ब्रॅग ग्रेटिंग, म्हणजे एकच ठरावीक तरंगलांबी परत फिरवणारे बारीक अंतराचे ग्रेटिंग, सैल नळीत ठेवूनही तापमान काढता येते. पण ते दर अंशाला केवळ ०.०१ नॅनोमीटर सरकते, त्यामुळे साध्या अ‍ॅनलायझरवर अंशाच्या आतले काही कळत नाही. खोलीतल्या प्रयोगासाठी तापमापकच बरा.

सातवी पायरी: शाफ्टवर जाणे

शाफ्टवर पद्धत बदलते. येथे पॉलिइमाइड लेपाची दोन ब्रॅग ग्रेटिंग घ्यावीत, वेगळ्या तरंगलांबीची, आणि एक अक्षाशी अधिक ४५ अंशांत, दुसरे उणे ४५ अंशांत चिकटवावे. नेहमीचा अ‍ॅक्रिलेट लेप मऊ असल्याने शाफ्टची विकृती काचेपर्यंत पूर्ण पोहोचत नाही. पहिल्या गणितातील २०० न्यूटन-मीटरला एका ग्रेटिंगवर अधिक १०० आणि दुसऱ्यावर उणे १०० मायक्रोस्ट्रेन येतात. दर मायक्रोस्ट्रेनला १.२ पिकोमीटर धरून दोघांतला फरक ०.२४ नॅनोमीटर होतो. तापमानाने दोन्ही एकाच दिशेने सरकतात, म्हणून वजाबाकीत ते निघून जाते. वाक काढून टाकण्यासाठी समोरासमोरच्या बाजूला आणखी एक जोडी लावावी.

पृष्ठभाग बारीक पॉलिश पेपरने घासून, अल्कोहोलने पुसून, ४५ अंशांची रेघ आखून मगच चिकटवावे. इपॉक्सी निवडताना ती किती तापमानाला मऊ पडते ते पाहावे. उन्हात तापलेल्या शाफ्टवर साधी इपॉक्सी हळूहळू सरकते आणि शून्य वाहून जातो. फायबर शाफ्टवरून बाहेर काढताना वळण तीन सेंटिमीटर त्रिज्येपेक्षा लहान नसावे. शाफ्ट फिरता असेल तर त्याच्या टोकाला, अक्षावर, फिरत्या फायबरमधला प्रकाश स्थिर फायबरमध्ये नेणारा फायबर रोटरी जॉइंट बसवावा लागतो. शाफ्टची दोन्ही टोके पुली किंवा कपलिंगमध्ये अडकली असतील तर तो बसत नाही, आणि अशा ठिकाणी बिनतारी स्ट्रेन गेज वापरणेच शहाणपणाचे आहे.

शेवटी कॅलिब्रेशन, म्हणजे माहीत असलेल्या टॉर्कशी वाचने ताडून पाहणे. शाफ्टचे एक टोक पक्के बांधावे, दुसऱ्या टोकाजवळ बेअरिंगचा आधार देऊन एक मीटर लांबीचा आडवा दांडा जोडावा आणि त्याच्या टोकाला ५, १०, १५, २० किलोची वजने क्रमाने टांगावीत. २० किलोला १९६ न्यूटन-मीटर होतात, म्हणजे फरक ०.२३५ नॅनोमीटरच्या जवळ यायला हवा. तो बराच कमी येत असेल तर चिकटवणीत पोकळी राहिली आहे असे समजून ते ग्रेटिंग काढून नवे लावावे. वजने उतरवल्यावर शून्य वाचन लिहून ठेवावे आणि दुसऱ्या दिवशी पहाटे, खोली थंड असताना, काहीही न टांगता पुन्हा घ्यावे. दोन्हींतला फरक ०.०१ नॅनोमीटरच्या आत असेल तर ते शाफ्ट यंत्रावर चढवायला हरकत नाही.